एसीच्या जागी अल्तार

रास अल खैमा
२५ एप्रिल २००३

प्रिय सुझी आणि डीन,

ईस्टर आनंदात गेला असेल. तुमच्या छोट्या लॅरिसाला माझ्याकडून पापा. हे पत्र प्रल्हादच्या हाती पाठवतो आहे. आमच्या सिमेंट फॅक्टरीची बस दर शुक्रवारी माणसांना दुबईला घेऊन जाते आणि संध्याकाळी परत आणते, तिचा तो ड्रायव्हर. तुम्ही म्हणाल, खिशात मोबाइल असताना पत्र कशाला? तर सुझी, तू माझ्या सख्ख्या मावशीची मुलगी असलीस तरी अल कुसैसच्या त्या फ्लॅटमध्ये तू भाडेकरू आहेस आणि मी घरमालक. घरमालकाने सगळं लेखी ठेवावं, असं आम्हाला नुकतंच शिकवलं आहे.

शिकवलं म्हणजे काय ते सांगतो. गेल्या आठवड्यात कंपनीने स्टोअर्स आणि ऑफिस स्टाफसाठी विजेच्या बचतीचं ट्रेनिंग ठेवलं होतं. शेवटचा तास भाड्याच्या घरांवर होता : घर कमी विजेत गार कसं ठेवायचं आणि त्यासाठी घरमालकाने काय जाणून घ्यायचं. बाकीचे स्टोअरकीपर चहाला पळाले. मी मात्र पहिल्या रांगेत बसून पुस्तिका घेतली. कारण तुमच्याकडून आणि हॉलमधल्या सोमनाथ-रामेश्वरकडून मी भाडं घेतो ते विजेसकट. म्हणजे बटण तुम्ही दाबता आणि बिल मी भरतो. ट्रेनर म्हणाला, भाड्याच्या घरांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. मला वाटलं, हा माणूस आपल्या फ्लॅटवर येऊन गेला की काय.

तेव्हा मे महिन्यापासून हॉलमधला एसी पंचवीसवर राहील. घरात कोणी नसताना तो बंद असेल. फिल्टर दर पंधरवड्याला धुवावा, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावावा. तुमच्या बेडरूममध्ये एसी नाही, पण त्याची गरजही नाही. दार उघडं टाकून पडदा सोडला की हॉलमधला गारवा पडद्याखालून आत येतो. थंड हवा जड असते, हे शास्त्र आहे.

बेडरूममधला आईचा अल्तार, माउलीची तसबीर आणि मेणबत्त्यांसकट, आहे तिथेच राहू द्यावा. भिंतीत एसीसाठी ठेवलेल्या चौकोनात तो छान बसला आहे.

मी नेहमीप्रमाणे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला येईन, तेव्हा पाहणी करीन.

तुझा दादा आणि घरमालक,
फ्रँक

*

अल कुसैस, दुबई
९ मे २००३

माननीय लँडलॉर्डसाहेब, उर्फ फ्रँकदादा,

तुमची पाहणी उत्तम पार पडली. जाताना तुम्ही हॉलच्या एसीकडे असं बघितलंत की बिचाऱ्या सोमनाथने उठून तो स्वतःच्या हाताने बंद केला. तो आणि रामेश्वर दिवसभर साइटवर परांचीवर चढून भाजून येतात, त्यांना वाटलं, आता संध्याकाळीही भाजायचं असा नवा कायदा आला.

आधी एक शंका. या इमारतीचा मालक एक अरब गृहस्थ आहे, त्याचं दुबईच्या देरा भागात ऑफिस आहे आणि त्या ऑफिसात तुम्ही चेक देता. म्हणजे तुम्ही त्याचे भाडेकरू आणि आम्ही तुमचे. मालकपणा पाण्यात एवढा मिसळूनही तुम्हाला त्याची किती चढते, याचं मला कौतुक वाटतं.

आता नियमांबद्दल. एसी पंचवीसवर ठेवा म्हणता. तुमच्या एसीच्या बटणावरचे आकडे कधीच पुसले गेलेत. ते एकतर फिरत नाही, नाहीतर फिरतच राहतं. तरी डीनने पेनाने 'पंचवीस' असं लिहून ठेवलं आहे, म्हणजे पुढच्या पाहणीला तुम्हाला समाधान. फिल्टर धुतला. त्यातून जी माती निघाली तिच्यात भेंडी लावता आली असती.

पडद्याखालून येणाऱ्या गारव्याचं मात्र मी रोज ध्यान करते. तो जड असेल, पण आळशीही आहे. दारापर्यंत येतो आणि सोमनाथच्या गादीपाशी बसकण मारतो. दार उघडं ठेवायचं म्हणजे, दादा, मी हॉटेलातून आठ तास रिसेप्शनवर उभी राहून आल्यावर दोन परक्या पुरुषांच्या समोर पडद्याआड कपडे बदलायचे. माणसं भली आहेत, मान वर करत नाहीत, पण पडदा तो पडदाच. दार लावलं की आम्ही सभ्य आणि उकडलेले, दार उघडलं की गार आणि चव्हाट्यावर. तुमच्या पुस्तिकेत याला काही शास्त्र आहे का?

आणि हो, भाडेकरूंनी काय करावं ते तुम्ही पत्रात बारकाईने उतरवलंत. घरमालकांनी काय करावं ते पान बहुधा वाऱ्याने उडालं.

एक विनंती करते आणि ही गंमत नाही. या खोलीत एसी बसू शकतो तो एकाच जागी, भिंतीतल्या त्या चौकोनात. दुसरं भोक पाडायला मालकाचं ऑफिस परवानगी देत नाही. मावशी इथे राहायला आली तेव्हा गार वाऱ्याने तिचे सांधे आखडायचे, म्हणून तुम्ही एसी काढलात, बाहेरच्या बाजूने प्लायवूडची फळी ठोकलीत आणि चौकोनात तिचा अल्तार बसवलात. ते तेव्हा योग्यच होतं. पण मावशी जाऊन दीड वर्ष झालं आणि आता तिथे लॅरिसा झोपते. ती फळी म्हणजे भिंत नव्हे. दुपारी हात लावला तर तव्याला लावल्यासारखं होतं आणि सगळी रात्र ती आत उष्णता सोडत राहते. मी अल्तार हॉलमध्ये हलवून तिथे एसी बसवू का? अल्तार माझाही आहे, मी रोज तिथे मेणबत्ती लावते. हॉलमध्येही लावीन.

तुमची आज्ञाधारक भाडेकरू,
सुझी

*

रास अल खैमा
२३ मे २००३

सुझी,

तुझं पत्र वाचलं. शिक्षण वाया गेलं नाही, लिहितेस छान.

अल्तार हलणार नाही. रमेदी माउलीला, प्रभू येशूच्या आईला, उठवून तिच्या जागी मशीन बसवायचं, हे तुला सुचलं तरी कसं? आणि मशीनही वीज खाणारं. एका फ्लॅटला दुसरा एसी म्हणजे बिल दुप्पट, आणि पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की गरजेपेक्षा जास्त यंत्रं ही सगळ्यात मोठी उधळपट्टी. नवा एसी घ्यायचा तर हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ तेरा हजार रुपये. तेवढ्यात वसईला एक खोली रंगवून होते.

कायद्याचंही पाहिलं. तू मला पान उडालं म्हणतेस म्हणून मुद्दाम चौकशी केली. दुबईत आता नव्या इमारतींच्या भिंतींत आणि छपरात उष्णता अडवणारा थर घालायचा नियम येतो आहे. नव्या इमारतींच्या. आपली इमारत जुनी आहे, त्यामुळे तो आपल्याला लागू नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपल्या भिंतीत काहीही कमी नाही.

आपण वसईला कौलांखाली वाढलो, पंखासुद्धा एकच होता आणि तो बाबांच्या खाटेवर होता. कोणी वितळलं नाही. खलास, हा विषय माझ्याकडून संपला.

जूनमध्ये स्टोअरची मोजदाद आहे. पहिल्या शुक्रवारी येणं होणार नाही.

फ्रँक

*

अल कुसैस
१३ जून २००३

फ्रँकदादा,

कायदा वाचून फार धीर आला. आता फक्त कोणीतरी उन्हाला सांगायला हवं की ही इमारत जुनी आहे, हिला सवलत आहे.

वसईच्या घराला कौलं होती, दादा, पण समोर विहीर होती, केळी होत्या आणि दोन्हीकडून वारा होता. इथे खिडकी उघडली तर शेजारच्या एसीचा गरम श्वास तोंडावर येतो. तुम्ही रास अल खैमाला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहता, तिथे एसी कंपनीच्या बिलावर रात्रंदिवस चालतो असं प्रल्हाद सांगत होता. साधेपणाची आठवण गार खोलीत जास्त येत असेल.

मागच्या सोमवारी एक चमत्कार झाला. अल्तारावरची मेणबत्ती, न पेटवलेली, दुपारी आपोआप वाकली. मी कामावरून आले तर तिने माउलीपुढे असा कमरेतून नमस्कार घातला होता. डीन म्हणाला, धर्मगुरूंना बोलावू. मी म्हटलं, त्यापेक्षा थर्मामीटर आणू. वॉचमन हारुनकडून आणला. किती होतं ते लिहीत नाही, तुम्ही म्हणाल, हारुनचा थर्मामीटर खोटा आहे.

आता थट्टा पुरे. लॅरिसाच्या पाठीला, मानेला, काखेत घामोळं उठलंय आणि ते पिकलंय. रात्री झोपत नाही. झोपली की दचकून उठते आणि भिंतीकडे तोंड करून रडते. दिवसा तिला इमारतीतल्या शहनाझबाईंकडे ठेवतो, त्यांच्याकडे एसी आहे, तिथे ती शांत असते. संध्याकाळी मी आणायला गेले की त्यांच्या दाराला धरून ठेवते. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, बाळाला गार खोलीत ठेवा. मी हसले. त्यांना वाटलं असेल, बाई विचित्र आहे.

डीनची आई वसईहून रोज फोन करते. म्हणते, पोरीला इकडे पाठवा, मी सांभाळते, सगळेच पाठवतात. खरं आहे, आमच्या हॉटेलात चार जणी आहेत ज्यांची मुलं गावी आजीकडे वाढतात. त्या सुट्टीवर गेल्या की मुलं त्यांना मावशी म्हणतात. मला ते नको आहे. लॅरिसाला मी माझ्याजवळ वाढवणार, एवढं एकच मी ठरवून इथे आले. एसीचे पैसे आम्ही देतो. त्याचं जादा बिलही आम्ही वेगळं देतो. तुमचं काहीही जात नाही. फक्त अल्तार हलवायला हो म्हणा. मी तुमच्या पाया पडते.

सुझी

*

रास अल खैमा
२० जून २००३

प्रिय सुझी,

बाळाला बरं नाही हे वाचून वाईट वाटलं. पण वसईला पाठवण्याचं तू लिहिलंस ते मला समजलं. ही दबावाची पद्धत मला नवीन नाही. सप्लायरही असंच करतात, आम्ही माल बंद करू म्हणतात आणि सोमवारी ट्रक दारात असतो.

तरीही मी गप्प बसलो नाही. प्रल्हादबरोबर थर्माकोलच्या दोन जाड लाद्या, चंदेरी कागदाची गुंडाळी आणि चिकटपट्टी पाठवतो आहे. फळीच्या बाहेरून कागद लावायचा आणि आतून, अल्तारामागे, थर्माकोल सरकवायचा. अल्तार न हलवता सरकवता येतो, मी माप घेतलं आहे. पुस्तिकेप्रमाणे याने निम्मी उष्णता अडते. घामोळ्याला कडुलिंबाचं पाणी लावावं.

पाहिलंस, घरमालकाचं पान मीही वाचलं आहे.

फ्रँक

*

अल कुसैस
२७ जून २००३

फ्रँकदादा,

थर्माकोल आणि कागद मिळाले. डीनने तुमच्या मापाप्रमाणे बसवले. अल्तार हललेला नाही. बाकी सर्व ठीक. आभारी आहोत.

सुझी

*

रास अल खैमा
८ जुलै २००३

प्रिय सुझी,

तुझं ते चार ओळींचं पत्र मी तीनदा वाचलं. तू टोमणे मारतेस तेव्हा मला राग येतो, पण तू आभार मानलेस तेव्हा भीती वाटली.

शुक्रवारी मिस्साहून फ्लॅटवर आलो. तुम्ही घरी नव्हता. सोमनाथला विचारलं, तर बाळाला घेऊन बाहेर गेलेत एवढंच म्हणाला आणि मान खाली घातली. मी त्याच्या मागे लागलो नाही, मला वाटलं तो माझ्यावर रागावला आहे. तुमच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि नेहमीसारखा अल्तारापुढे बसलो.

तू याला पाहणी म्हणतेस. तुला आज सांगतो, ती पाहणी नसते. आई वसईला परत गेली आणि महिन्याभरात वारली, तेव्हा मॅनेजरने मला रजा दिली नाही. तिच्या मातीला मी नव्हतो. तिची कबर मी अजून पाहिलेली नाही. गेल्या वर्षी रजा होती, पण तिच्याशिवायच्या त्या घरात पाय टाकायची हिंमत झाली नाही, म्हणून रजेचे पैसे घेतले. माझ्यासाठी आई जिथे होती ती जागा एकच उरली, ती खोली आणि तो कोपरा. तिथे ती माळ घेऊन बसायची आणि मी आलो की गुडघ्यावरून न उठता हात वर करून मला थांब म्हणायची. मला अल्तार हलवायचा नव्हता, सुझी. बिल, कायदा, पुस्तिका हे सगळं त्यावर ठेवलेलं झाकण होतं.

तर शुक्रवारी बसलो. थर्माकोल तुम्ही फार नीट लावला होता. तरी थोड्याच वेळात शर्ट अंगाला चिकटला, मग डोकं गरगरायला लागलं, मग मळमळलं. आईशी बोलायला बसलो होतो आणि मला आईपाशी बसवेना. उठून हॉलमध्ये आलो, एसीपुढे उभा राहिलो आणि विचार केला की हे लेकरू तिथे रात्रभर काय करत असेल. मला लाज वाटली.

दुकानं दुपारनंतर उघडली तसा सोमनाथला घेऊन गेलो आणि नवा एसी आणला. जुना स्वस्तात मिळत होता, पण जुना एसी गारवा कमी देतो आणि वीज जास्त पितो, एवढं मी ट्रेनिंगमध्ये खरंच शिकलो. फळी काढली. चौकोनाच्या चारी बाजूंना फोम भरला, कडेने रबर लावलं, पाणी बाहेर पडावं म्हणून मागे थोडा उतार दिला. सोमनाथने तुमच्या खोलीचं दारही खालून रबर लावून बंद होईल असं केलं. आता दार लावा, सभ्य राहा आणि गारही राहा.

अल्तार मी बरोबर घेऊन आलो. बसमध्ये तो माझ्या मांडीवर होता, माउलीची तसबीर प्रल्हादने आपल्या सीटमागे बांधली. आता माझ्या खाटेशेजारी आहे.

बस चुकू नये म्हणून तुमची वाट पाहिली नाही. निघताना एसी चालू ठेवून निघालो, घरात कोणी नसताना. पैसे, बिल यांचं बोलू नकोस. लॅरिसाला तिथे झोपव आणि कशी झोपली ते मला कळव.

तुझा दादा,
फ्रँक

*

अल कुसैस
१८ जुलै २००३

फ्रँकदादा,

त्या शुक्रवारी मी घरी आले तेव्हा खोली गार होती. इतकी गार की मी दारातच उभी राहिले. रामेश्वर म्हणाला, ताई, आत जा ना, गारवा बाहेर जातोय. त्यालाही आता तुमची पुस्तिका पाठ झाली आहे.

सोमनाथने तुम्हाला सांगितलं ते अर्धं खरं होतं. बाळाला घेऊन आम्ही बाहेर गेलो होतो. विमानतळावर. डीन तिला घेऊन वसईला गेला, तिला आईकडे सोडून तो सोमवारी परत आला. मीच सोमनाथला शपथ घातली होती की फ्रँकदादाला बोलू नकोस. मला तुमचं वाईट वाटणंही नको होतं.

त्या चार ओळी मी हॉस्पिटलमधून आल्यावर लिहिल्या. तुमचा थर्माकोल आला त्याच रात्री लॅरिसाला ताप भरला, उलट्या झाल्या, ओठ सुकले. दोन दिवस सलाइनवर होती. एवढ्याशा हाताला शीर सापडत नव्हती. नर्स म्हणाली, घरात फार उकाडा आहे का? डीनने माझ्याकडे बघितलं आणि मी डीनकडे, आणि तिथेच ठरलं. तुम्हाला कळवलं नाही, कारण सप्लायरचा ट्रक सोमवारी दारात येणार असं तुम्हाला वाटत होतं. आला नाही.

एसी छान आहे. आवाज नाही, पाणी बरोबर बाहेर पडतं, कडेने कुठून वारा येत नाही. कोणत्याही घरमालकाने बघून जावी अशी खोली झाली आहे. आम्ही दोघं त्यात चादर घेऊन झोपतो. डीन म्हणतो, दोघांना एवढ्या गारव्याची गरज नाही, बंद करू. मला बंद करवत नाही. मग कोणासाठी चालू ठेवायचा हेही कळत नाही. काल तिची छोटी उशी हाताला लागली, ती बर्फासारखी गार होती, तेव्हा मी फार रडले.

परत आणायचं म्हणाल तर डीनची रजा संपली, माझी पुढच्या वर्षीपर्यंत नाही. एवढं लहान मूल कोणाच्याही हाती देऊन विमानात बसवता येत नाही. सहा महिन्यांच्या आत परत आली नाही तर तिचा व्हिसा रद्द होतो. डीनची आई म्हणते, होऊ दे, शाळेपर्यंत राहील माझ्याकडे. मंगळवारी फोन केला तेव्हा ती त्यांना मम्मी म्हणत होती. मला म्हणाली, बाय-बाय.

तुम्ही मावशीबद्दल लिहिलंत ते मला आधी सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला तो कोपरा तिथेच दुसऱ्या भिंतीला करून दिला असता. मीही तुम्हाला कंजूष समजून टोमण्यांतच बोलत राहिले. आपण दोघांनी एसीवर किती शाई खर्च केली, दादा.

या महिन्यात बिल कमी येईल. घरातलं एक माणूस कमी झालं आहे. अभिनंदन.

सुझी

*

वसई
१२ ऑगस्ट २००३

प्रिय सुझी,

पत्ता बघून दचकू नकोस. तुझं पत्र मिळाल्यावर मॅनेजरपुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, आईच्या वेळी तुम्ही रजा दिली नाहीत, आता द्या. तो इन्शाल्ला म्हणाला. मी म्हणालो, इन्शाल्ला नको, सही करा. सही केली.

काल आईच्या कबरीवर गेलो. दगडावर शेवाळ धरलं होतं, हाताने काढलं. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

तिथून डीनच्या घरी गेलो. तुला खरं काय ते लिहितो, कारण या वर्षी मी तुझ्याशी पुरेसं आडून बोललो. लॅरिसा उत्तम आहे. घामोळ्याचा डागही राहिला नाही. कोंबड्यांच्या मागे धावते, मासे-भात हाताने खाते, ओसरीवर वाऱ्याला दुपारभर झोपते. आजीच्या कडेवरून उतरत नाही. मी हात पुढे केला तर तोंड फिरवलं. तुझा फोटो दाखवला. बघितला आणि मला परत दिला. तुझी आठवण काढत नाही, सुझी. हे लिहू की नको असं झालं होतं.

डीनची आई म्हणाली, रुळली आहे, आता पुन्हा तुमच्या त्या डब्यात कशाला नेता? नाताळपर्यंत तरी राहू द्या. तिचं बोलणं अगदीच चुकीचं नाही. मी म्हटलं, ठरवायचं तिच्या आईने.

माझं परतीचं विमान तीस ऑगस्टला आहे. ती दोन वर्षांची व्हायची आहे, मांडीवर बसून येऊ शकते. डीनच्या सहीचं पत्र आणि पासपोर्ट इथेच आहे, मी विचारून घेतलं. नाक्यावरच्या एसटीडी बूथचा फॅक्स नंबर खाली देतो आहे. तू हो म्हण किंवा नाही म्हण, मी कशालाही काही बोलणार नाही.

फ्रँक

*

अल कुसैस
२३ ऑगस्ट २००३

दादा,

तुमचं पत्र आजच मिळालं. फोन केला असता, पण फोनवर मला आधी रडू येतं आणि बोलायचं राहून जातं. म्हणून हॉटेलच्या फॅक्सवरून पाठवते आहे.

ती तिथे सुखात आहे हे वाचून बरं वाटलं आणि तितकंच दुखलं. डीनच्या आईंना सांगा, माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांनी तिला घेतलं नसतं तर काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. इथे आली की काही दिवस ती आजीसाठी रडेल, मला जवळ येऊ देणार नाही. चालेल. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहीन.

ती माझी आठवण काढत नसेल तर न काढो. मला तिची येते. तिला घेऊन या.

सुझी